वाडीच्या पाण्याचा आराखडा वाडीनेच करायचा



अलोऱ्यात ‘प्रकल्प’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. प्रकल्प म्हणजे कोयना. घाटावरचे पाणी बोगद्यातून खाली येते, पोफळीला वीज करते, कोळकेवाडीच्या धरणात अडते, अलोऱ्याच्या ३२० मेगावॅटच्या वीजघरात पुन्हा वीज करते आणि मग वाशिष्ठीला मिळते. म्हणून ‘प्रकल्प नियोजन’ शिकायला चला, असे आम्हा महिला मंडळाच्या चार-पाच जणींना सांगण्यात आले तेव्हा आम्ही हसलोच. प्रकल्प म्हणजे इंजिनिअरांचे काम, त्यात आपण काय शिकणार?

तीन दिवस जाऊन आलो आणि हसणे बंद झाले. आपल्या वाडीत आजवर जे जे काम आपण हौसेने सुरू केले आणि दोन पावसाळ्यांत बंद पडलेले पाहिले, त्याचे कारण तिथे समजले. ते या आरोग्य पानावर लिहीत आहोत, कारण आराखड्याशिवाय केलेल्या कामाची किंमत शेवटी शरीरालाच मोजावी लागते.

आमची चूक आधी सांगतो

काही वर्षांपूर्वी जयंतीच्या वेळी मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली आणि वाडीच्या विहारात पाणी शुद्ध करायचे यंत्र बसवले. फीत कापली, फोटो काढले, सगळ्यांना पाणी दिले. आम्हीही पुढे होतो. आमच्यातली एक शिकलेली परिचारिका, तिनेच ‘यंत्र घ्या’ म्हणून आग्रह धरला होता.

पहिला पाऊस पडला तसे झऱ्याचे पाणी लाल झाले. जांभ्याची माती यंत्राच्या जाळीत बसली. लाईट जायची तेव्हा यंत्र बंद. दुरुस्तीला माणूस चिपळूणहून यायचा, त्याचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेले नव्हते. किल्ली कोणाकडे, हिशेब कोणाकडे, तेही ठरलेले नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यात यंत्र कायमचे बंद पडले. आज त्यावर सतरंज्या ठेवलेल्या असतात.

त्याच पावसाळ्यात वाडीची एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिला कावीळ झाली. चार दिवस कावीळ उतरवण्याचे गावठी औषध चालले, मग दवाखाना. लेक वाचली. बाळ वाचले नाही.

दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुधा काही आठवड्यांत बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरात वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात. गरोदर बाईचे डोळे वा लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचे, एक दिवसही थांबायचे नाही. हे आम्हाला माहीत होते. पण यंत्र बंद पडल्यावर वाडीला पाणी उकळून प्या म्हणून सांगायचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते. जे कोणाचेच काम नसते ते होत नाही, हे आम्ही त्या वर्षी शिकलो.

नर्सिंगच्या वहीतल्या पाच पायऱ्या

प्रशिक्षणात मोठमोठे तक्ते होते. समस्येचे झाड, उद्दिष्टांची चौकट, कामाचे वेळापत्रक. पहिल्या दिवशी डोके फिरले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की हे आम्ही केलेले आहे. नर्सिंगच्या पदविकेत प्रत्येक रुग्णाचा शुश्रूषा आराखडा लिहावा लागतो. त्याच्या पाच पायऱ्या असतात: तपासणी, निदान, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. वॉर्डात आलेल्या माणसाला न तपासता कोणी सलाईन लावत नाही. वाडीला मात्र आपण न तपासताच सलाईन लावतो. कोणी म्हणतो बोअर मारा, कोणी म्हणतो सभागृह बांधा.

आपल्या लोकांना ही पद्धत परकी वाटायचे कारण नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, ही शिकवण आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो. आधी दुःख नीट पाहा, मग कारण शोधा, मग मार्ग. आपण बहुतेक वेळा मार्गापासूनच सुरुवात करतो.

आता एकेक पायरी पाहू. उदाहरण पाण्याचेच घेऊ. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी उतारावरच्या अनेक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी रांग लावावी लागते. हिशेब सोपा जावा म्हणून चाळीस घरांची, दर घरी पाच माणसांची एक वाडी धरू. तुम्ही आपल्या वाडीचे आकडे घाला.

पहिली पायरी: तपासणी

वही, पेन, एक घड्याळ आणि एक कळशी एवढेच सामान लागते.

प्रत्येक घरी जाऊन चार प्रश्न विचारा. माणसे किती? पाणी कुठून आणता आणि किती हंडे? आणायला कोण जाते आणि किती वेळ लागतो? गेल्या वर्षभरात जुलाब, कावीळ, टायफॉइड कोणाला झाला? घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारून भागत नाही, पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. आमच्या एका घरात पुरुष म्हणाला, पाण्याला अर्धा तास लागतो. बाई म्हणाली, पहाटे तीनला उठते.

मग झरा मोजा. पंधरा लिटरची कळशी धारेखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. हे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच करायचे, कारण पाणी सर्वांत कमी तेव्हाच असते. ऑगस्टमध्ये मोजलेला झरा फसवतो.

समजा कळशी भरायला दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद लागले. मिनिटाला १० लिटर. तासाला ६०० लिटर. दिवस-रात्र मिळून १४,४०० लिटर.

आता गरज पाहा. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. चाळीस घरे, दोनशे माणसे, म्हणजे ११,००० लिटर. झरा मे महिन्यातही १४,४०० लिटर देतो आहे.

मग पाणी कमी का पडते? रांगेचा हिशेब करा. दर घराने आठ कळश्या भरायच्या म्हटल्या तर चाळीस घरांच्या ३२० कळश्या. एकेक कळशीला दीड मिनिट धरले तर ४८० मिनिटे, म्हणजे आठ तास. आठ तास झऱ्यावर कोणी ना कोणी उभे राहणार, तेव्हा कुठे माणशी २४ लिटर पाणी घरात येणार. उरलेले सोळा तास झरा वाहतोच आहे, पण कळशी नाही म्हणून ते पाणी पऱ्याला जाते. टंचाई पाण्याची नाही, साठवणीची आहे.

हा हिशेब आम्ही विहारात फळ्यावर मांडला तेव्हा म्हातारी माणसेही गप्प झाली. आम्ही इतकी वर्षे बोअर मागत होतो.

दुसरी पायरी: निदान

एका मोठ्या कागदावर मध्यभागी दुखणे लिहा: ‘पावसाळ्यात लेकरांना जुलाब, कावीळ’. मग ‘का’ विचारत खाली जा. का? पाणी दूषित. का? झरा उघडा आहे, वरून गुरे जातात, पावसात सगळा गाळ आत येतो. का? झऱ्याला कठडा नाही, झाकण नाही. का? ही जागा कोणाची, बांधायचे कोणी, हे ठरलेले नाही.

प्रत्येक ‘का’ला एकच उत्तर येईल असे नाही. दुसरी फांदीही काढा. घरात पाणी उघड्या पिंपात साठवतात. का? पाणी रोज मिळेल याची खात्री नाही. ओगराळे नाही, पेला हात घालून बुडवला जातो. तिसरी फांदी शौचालयाची. शोषखड्डा पाण्याच्या जागेपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यातून पाणी चटकन झिरपते. म्हणून जेवढे जास्त अंतर मिळेल तेवढे चांगले.

कागद भरला की पाहा, कोणती कारणे आपल्या हातात आहेत, कोणती ग्रामपंचायतीच्या हातात आणि कोणती त्याहून वर. ओगराळे आणि पिंपाचे झाकण आपल्या हातात आहे, त्याला सभा लागत नाही. टाकी ग्रामपंचायतीच्या हातात आहे. आमच्या बंद पडलेल्या यंत्राने यातले एकही कारण दूर केलेले नव्हते. ते आजाराचे नव्हे, आमच्या हौसेचे उत्तर होते.

तिसरी पायरी: नियोजन

उद्दिष्ट असे लिहा की वर्षाने कोणीही येऊन ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ असे सांगू शकेल. ‘वाडीला शुद्ध पाणी मिळावे’ हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा आहे. ‘पुढच्या एक मेपर्यंत झरा बंदिस्त करून दहा हजार लिटरची टाकी बांधायची, चाळीसही घरांना सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचे आणि आठवड्यातून किमान दोनदा क्लोरीनची तपासणी करून वहीत लिहायची’ हे उद्दिष्ट झाले.

दहा हजारच का? रात्री आठ ते सकाळी सहा या दहा तासांत ६,००० लिटर साठतात. सकाळी तीन तास पाणी सोडले की पुन्हा नऊ ते पाच या आठ तासांत ४,८०० लिटर साठतात. दहा हजारांच्या टाकीत हे आरामात मावते, गळतीला आणि पाहुण्यांनाही जागा राहते. असा हिशेब लेखी असेल तर कनिष्ठ अभियंत्याशी बोलताना आपण हात जोडून उभे राहत नाही, समोर बसून बोलतो. नळाची उंची, पाइपची जाडी, अंदाजपत्रक हे त्याचे काम, ते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

मग चार रकाने आखा: काय, कोण, कधीपर्यंत, किती पैसे. ‘कोण’च्या रकान्यात ‘मंडळ’ किंवा ‘सगळे’ असे लिहू नका, माणसाचे नाव लिहा. ‘कधी’च्या रकान्यात आपल्या भागाचे पंचांग पाळा. मेमध्ये झरा मोजा. पावसाळ्यात बांधकाम होत नाही आणि लावणीच्या दिवसांत बैठकीला कोणी येत नाही, तेव्हा जून-जुलैत कागद तयार करा. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा गाठा, कारण पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरनंतरच्या महिन्यांत तयार होतो. भातकापणी उरकली की जानेवारी ते एप्रिल हे बांधकामाचे दिवस. मुंबईकर एप्रिल-मेमध्ये जयंतीला येतात, वर्गणीचा आणि श्रमदानाचा विषय तेव्हा ठेवा.

पैशांचे मार्ग कोणते, ते प्रत्येक वाडीत दोघा-चौघांना तरी पाठ हवेत.

एक, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कुठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

दोन, वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता.

तीन, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना. जुनी माणसे तिला दलित वस्ती सुधार म्हणतात. तिच्यात पाणी, गटारे, रस्ते, दिवे, समाजमंदिर ही सगळी कामे बसतात. आपण बहुतेक वेळा रस्ता आणि समाजमंदिरच मागतो. पाणी मागत नाही, कारण पाणी भरणारी बाई मागणी लिहायच्या बैठकीत नसते.

चार, जल जीवन मिशनची गावची योजना. तिच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांना जागा असावी, असे मार्गदर्शक सूचनेत आहे. आपल्या वाडीची बाई त्या समितीत आहे का, की नुसते नाव आहे, हे पाहा.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे. पाण्याचा ठराव आधी तिथे मांडा. तिथे मंजूर झालेला विषय मोठ्या सभेत सहज बाजूला सारता येत नाही.

ठराव म्हणजे पाणी नव्हे

इथे महाडची आठवण ठेवावी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी कोणाला मिळाले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा परिषदेला जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले. त्यानंतरही न्यायालयात दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

आपण दर वर्षी २० मार्चला भाषण ऐकतो ते धैर्याचे. त्या दिवसामागे तयारीही तेवढीच होती. गावोगाव जाऊन लोकांना सांगणे, जागा मिळवणे, राहण्या-खाण्याची आणि पाण्याची सोय, नंतर दहा वर्षे कोर्टाचा पाठपुरावा. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली. म्हणून ठराव झाला की टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ठरावाची नक्कल मागा, तारीख लिहून ठेवा, पुढच्या ग्रामसभेत ‘त्याचे काय झाले’ हा प्रश्न त्याच बाईने उठून विचारावा. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे.

जोखीम आधी लिहा

आराखड्यात एक रकाना आम्ही आधी सोडून दिला होता, तो म्हणजे ‘काय अडू शकते’. त्याचा फटका बसला. आमचा पहिला अर्ज परत आला. झऱ्याची जागा खाजगी सातबाऱ्यावर होती आणि आमच्याकडे मालकाचे संमतीपत्र नव्हते. झऱ्याचे पाणी आजोबा-पणजोबांपासून भरतो, हे कागदाला पटत नाही. मालक मुंबईला, त्यांच्यात वाटणी झालेली नाही, सह्या पाच जणांच्या हव्या. यात एक पावसाळा गेला.

म्हणून पहिल्याच महिन्यात सातबारा काढा. जागा खाजगी असेल तर काम मागण्याआधी संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र करून घ्या आणि ते करताना झरा, टाकी आणि पाइपची वाट या तिन्ही जागा त्यात लिहा. शेजारच्या वाडीचीही त्या पाण्यावर वहिवाट असेल तर त्यांना बैठकीला बोलावा. आम्हाला भीती होती की ‘तुमचा पाणवठा, आमचा पाणवठा’ हे जुने भांडण निघेल. हिशेबाचा कागद पुढे ठेवला, रोज तीन हजार लिटर उरते हे दाखवले, तेव्हा भांडण झाले नाही. त्यांच्या खालच्या घरांनाही नळ देऊ, असे आम्हीच सुचवले.

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावात हातपंप घालताना ते मुद्दाम दलित वस्तीत घातले. सवर्ण बायकांना पाण्यासाठी वस्तीत यावे लागले. ज्या पाण्याने माणसे वेगळी ठेवली होती त्याच पाण्याने ती एकत्र आणली. गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केले, त्यांत दलित बायकाही होत्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाची जागा कुठे असावी हाही नियोजनाचा भाग आहे, हे जामखेडने दाखवले.

चौथी आणि पाचवी पायरी: काम आणि त्यावरची नजर

टाकी बांधून झाली की आपण काम संपले समजतो. खरे काम तिथे सुरू होते. नळ सोडायला, टाकी धुवायला, टीसीएल पावडर टाकायला माणूस हवा आणि त्याला मानधन हवे. दर घरी महिना ३० रुपये धरले तरी चाळीस घरांचे १,२०० रुपये होतात. वर्षाचे १४,४००. हे पैसे टाकी बांधण्याआधी ठरवा आणि पहिल्या महिन्यापासून जमा करा. ज्या घरात म्हातारी एकटी आहे तिला माफी द्यायची की नाही, तेही आधीच ठरवा. हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा.

टीसीएलचे प्रमाण पाठ करा: एक हजार लिटरला ५ ग्रॅम. दहा हजारांच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग बादली भरून ढवळायची, दहा-पंधरा मिनिटे चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतायचे. त्यानंतर किमान अर्धा तास नळ सोडायचा नाही. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवा. आपल्या दमट हवेत पोते उघडे राहिले तर तिचा जोर जातो आणि आपण नुसता चुना टाकत बसतो.

विहीर असेल तर पाणी किती ते असे काढा: व्यास मीटरमध्ये, त्याला पुन्हा व्यासाने गुणा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ ने गुणा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ३ गुणिले ३ गुणिले २ गुणिले ७८५, म्हणजे १४,१३० लिटर. टीसीएल साधारण ७० ग्रॅम.

टाकले एवढ्यावर विश्वास नको, तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी तपासणीचे औषध असते. सर्वांत शेवटच्या घरच्या नळाचे पाणी घ्या, थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला आहे. टाकीजवळच्या नळावर तपासून उपयोग नाही. आरोग्य खाते वर्षातून दोनदा पाण्याच्या जागांची पाहणी करून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामसभेत विचारा.

गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. म्हणून पावसाळ्यात गरोदर बाई, तान्हे मूल आणि म्हातारी माणसे ज्या घरात आहेत तिथे पाणी गाळून, खळखळ उकळूनच द्यायचे. जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पाकीट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायच्या. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पीत नाही, शौचात रक्त दिसले तर थेट दवाखाना.

मूल्यमापनासाठी पुन्हा तीच पहिली वही उघडा. तेच चार प्रश्न, त्याच घरी, त्याच बाईला. पहाटे किती वाजता उठतेस? वर्षात जुलाब, कावीळ कोणाला? उत्तर बदलले असेल तर काम झाले. टाकीवरची पाटी आणि पाहुण्यांचे फोटो हा पुरावा नव्हे.

आज आम्ही कुठे आहोत

आमची टाकी झाली. गेल्या मेमध्ये पहाटेची रांग नव्हती. जी बाई तीनला उठत होती ती आता साडेपाचला उठते आणि ‘एवढा वेळ झोपायची सवयच नाही’ म्हणून हसते. वही चालू आहे. दोन महिने तपासणी चुकली होती, कारण वही लिहिणारीला मनरेगाच्या कामावर जावे लागले आणि तिच्या जागी दुसरे नाव लिहिलेले नव्हते. आता प्रत्येक कामापुढे दोन नावे लिहितो.

वरच्या अंगाची पाच घरे टाकीपेक्षा उंचावर आहेत, तिथे पाणी चढत नाही. त्या पाच बायका अजून हंडा वाहतात. ही चूक आमच्या पहिल्या आराखड्याची. घरे मोजली, पण उंची पाहिली नाही. त्या पाच घरांचा आराखडा आता आम्ही त्या पाच जणींकडूनच लिहून घेतो आहोत.

आणि ती लेक गेल्या वर्षी दुसऱ्या बाळंतपणाला पुन्हा माहेरी आली. पावसाळाच होता. तिच्या आईने पहिल्या दिवसापासून पाणी उकळून दिले, आमच्यातली एक जण दर आठवड्याला तिचे डोळे बघून येत होती. आराखड्यात हे कामही लिहिलेले होते, पुढे दोन नावे होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

या महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास थांबा. एक वही घ्या. पहिल्या पानावर वाडीतल्या घरांची नावे लिहा आणि कोणत्या घरी कोण जाऊन विचारणार ते ठरवा. आजच्या दिवशी एवढे पुरे.

जय भीम.